सपत्नीक सत्कार

"वहिनी, जरा मागं टेकून बसा. फोटोत निम्म्याच येताय," फोटोग्राफर म्हणाला. मी मागं टेकले आणि त्या सोफ्यात खचकन खाली गेले.

लाल मखमलीचा, मंडपवाल्याकडचा सोफा होता तो. स्प्रिंगा कधीच्या गेलेल्या. गुडघे वर आले, मांडीवरचा ओटीचा नारळ पोटाला टोचायला लागला. नारळाखाली खण, खणात तांदूळ, हातात गुच्छ आणि खांद्यावर ऐन एप्रिलमध्ये जाडजूड शाल. समोर टेबल सोफ्याला अगदी चिकटवून ठेवलेलं. तिथून उठायचं म्हटलं असतं तर कोणीतरी ओढूनच काढायला पाहिजे होतं.

माझ्या डाव्या हाताला हे बसले होते. मल्लिनाथ हत्तुरे. अख्खं हिंगणपेठ त्यांना अण्णा म्हणायचं, आणि लग्नानंतर काही वर्षांनी मीसुद्धा अण्णाच म्हणायला लागले. घरातही ते गावाचेच वाटायचे, म्हणून असेल. उजव्या हाताला इब्राहिम वस्ताद. तालमीत त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना लाल माती लावली होती, आणि एकदा गावात दंगल पेटायची वेळ आली तेव्हा चौकात एकटे मधे उभे राहून दोन्हीकडची पोरं घरी पाठवली होती. त्या संध्याकाळी नगरपालिकेनं दोघांचा नागरी सत्कार ठेवला होता. अण्णांना पंचाहत्तर पूर्ण झालेली, म्हणून त्यांचा सपत्नीक. वस्तादांची बायको आदल्या वर्षी गेली होती. ते एकटेच होते.

"भाभी, ह्या फेट्यानं डोकं आवळून धरलंय बघा," वस्ताद माझ्याकडे वाकून म्हणाले. "सोडला तर चालंल का?"

"आत्ता नको. सगळे बघतायत."

"तेच की. बघतायत म्हणून तर काही करता येत नाही."

शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत आमची विजू बसली होती, मांडीवर तिची लेक. सासरच्यांनी टाकल्यापासून विजू आमच्याकडेच होती. अंगणातल्या खोलीत शिवणकाम करायची. मी तिच्याकडे बघून हसले. तीही हसली.

हायस्कूलच्या मराठीच्या बाई मानपत्र वाचायला उभ्या राहिल्या. 

"दुष्काळाच्या त्या भीषण दिवसांत अण्णांनी आपल्या घरातील धान्याची कणगी गोरगरिबांसाठी खुली केली..."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ती कणगी उघडली तेव्हा विजू माझ्या पोटात होती. मग रेशनवरच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाऊन मी दिवस काढले. त्याचं मला दुःख होतं असं नाही. गावात लोक पाला खात होते. पण कणगी उघडायच्या आधी अण्णा मला म्हणाले असते, कस्तुरा, देऊ का? मी काय नको म्हणाले असते?

"एका निराधार भगिनीला स्वतःच्या घरातील शिवणयंत्र देऊन तिच्या पायावर उभं केलं..."

ते यंत्र माझं होतं. माझ्या वडिलांनी आंदण दिलेलं नव्हतं, मी स्वतः पोलकी शिवून शिवून घेतलेलं. एका सकाळी एक बाई हातगाडी घेऊन दारात आली आणि ते घेऊन गेली. मी चुलीपुढं होते. बाहेर आले तर कोपऱ्यात रिकामी जागा आणि अण्णा अंगणात पाठमोरे उभे. काय बोलणार? त्या बाईला दोन लेकरं होती. तिच्या हातून यंत्र काढून घेऊ? मी आत गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, अण्णा म्हणजे देवमाणूस. शेजारीणबाई मला म्हणाली, नशीब काढलंस गं.

असंच चालायचं. भूकंपानंतर घरातल्या घोंगड्या गेल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेली भांडी गेली, वाचनालयासाठी कपाट गेलं. प्रत्येक वेळी ज्याला गेलं त्याला खरीच गरज होती. तक्रार कोणाकडे करायची? दारू पिणाऱ्या नवऱ्याची बायको निदान माहेरी जाऊन रडू शकते. माझं ऐकून माहेरचेच मला म्हणाले असते, बाई, तुझं मन एवढं लहान कसं?

फक्त घर राहिलं होतं. जागा वडिलांनी मला दिलेली, माझ्या नावानं. भिंती शिवणक्लासच्या जोरावर एकेक करून उभ्या केलेल्या. त्याला हात लागणार नाही, असं मी धरून चालले होते.

मानपत्र संपलं. नगराध्यक्ष तानाजीराव घोगरे बोलायला उठले. हायस्कुलात अण्णांच्या हाताखाली शिकलेला मुलगा. माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे येऊन हक्कानं चहा मागायचा, विजूला ताई म्हणायचा. पण माइक हातात आला की तो टाळ्यांवर चालायचा. एक टाळी पडली की पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा मोठं व्हायचं.

"अण्णांनी या गावाला काय नाही दिलं? पाणी दिलं!" टाळ्या. "शाळा दिली!" टाळ्या. "वाचनालय दिलं! आणि मित्रहो, आता या वयात माणूस काय करतो? आपल्यापुरतं बघतो. पण अण्णा? परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. मी म्हटलं, अण्णा, गावातल्या पोरांना अभ्यासाला जागा नाही. आणि या महापुरुषानं क्षणाचाही विचार केला नाही. राहतं घर, मित्रहो, आपलं राहतं घर त्यांनी गावाला दिलं!"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. तांदळाचे दाणे खणातून घसरून सोफ्याच्या फटीत चालले होते, ते मी गोळा करत होते. मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की मी वर बघितलं. माणसं उभी राहिली होती.

"अण्णा-वहिनींची सोय आम्ही पालिकेच्या क्वार्टरमध्ये करतोय. गावचा मुलगा म्हणून ती माझी जबाबदारी!" तानाजीराव वळले आणि स्टेजच्या कडेला टेबलावर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं त्यावरचा पडदा त्यांनी ओढला. संगमरवराची पाटी होती. हत्तुरे अण्णा नागरी अभ्यासिका. अक्षरं कोरून, काळा रंग भरून तयार.

"अण्णांचा विजय असो!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी विजूकडे बघितलं. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मधे ती लेकीला घट्ट धरून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे तिला वाटत होतं की मला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं आणि आईनं सांगितलं नाही.

पालिकेची क्वार्टर म्हणजे गटाराकडेची दीड खोली. आज तानाजीराव आहेत, उद्या दुसरा कोणी येईल आणि म्हणेल, खाली करा. आम्ही म्हातारी माणसं कशीही राहिलो असतो. पण विजूची गिऱ्हाइकं त्या अंगणात यायची, तिचं पोट त्या खोलीवर होतं.

मला उठून जायचं होतं, पण उठताच येईना. टेबल गुडघ्याला लागत होतं, नारळ मांडीवर, शाल पाठीखाली अडकलेली. आणि समोर सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं, वहिनींचे डोळे भरून आले म्हणून.

वस्ताद कानाशी वाकले. "भाभी, घर दिलंत?"

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे? विचारलं नाही तुमाला?"

"नाही."

वस्तादांनी मान पुढं काढून माझ्या पलीकडं बघितलं आणि म्हणाले, "आन् अण्णांना तरी विचारलंय का?"

मी तोवर अण्णांकडे बघितलंच नव्हतं. बघायची गरज वाटली नव्हती. काही देऊन झालं की त्यांचा चेहरा कसा दिसतो ते मला पाठ होतं, निवांत आणि उजळ. ते मला बघायचं नव्हतं.

बघितलं. तोंडावर हसू होतं, पण ते कोणीतरी चिकटवून ठेवल्यासारखं. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली होती आणि ती पुसायचं त्यांना भान नव्हतं. एका हातानं त्यांनी सोफ्याची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"अहो," मी हळूच म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं त्याला?"

ओठ न हलवता ते म्हणाले, "नाही."

"मग?"

"परवा आला होता. घर बघत म्हणाला, हे पुढंमागं गावाचं व्हायला पाहिजे. मी म्हटलं, सगळं गावाचंच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. नेहमी म्हणतो तसं."

"मग उठा आणि सांगा."

"कसं सांगू, कस्तुरा?"

माझ्याकडे न बघता समोरच्या गर्दीकडे बघून त्यांनी हे विचारलं. मग ते म्हणाले, "विजूचं कसं करायचं?"

लग्नाला एवढी वर्षं झाली होती. असं कसं करायचं, हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

तिकडे तानाजीराव माइकवर होतेच. "आणि या सगळ्या त्यागामागं उभी असलेली माउली! आमच्या वहिनी कधी स्टेजवर बोलल्या नाहीत. पण आज आपण त्यांना सोडणार नाही. वहिनी, दोन शब्द!"

पुन्हा टाळ्या. बायकांच्या बाजूनं जास्तच.

मी उठायला गेले ते तशीच मागं पडले. वस्तादांनी टेबल पायानं पुढं ढकललं, माझं मनगट धरलं आणि एका झटक्यात मला उभं केलं. नारळ खाली पडून गडगडत गेला. कोणीतरी हसलं. मी शाल काढून सोफ्यावर टाकली आणि माइकपाशी गेले.

माइक माझ्यापेक्षा उंच होता. एकानं येऊन तो खाली केला. तेवढ्या वेळात मला कळलं होतं की दोनच वाटा आहेत. अण्णांनी शब्द दिलाच नव्हता असं म्हटलं, तर तानाजीराव भर सभेत खोटा पडत होता. तो गप्प बसला नसता. अण्णा, सांगा बरं, शब्द दिलात ना, असं त्यानं विचारलं असतं. आणि अण्णा हो म्हणाले असते. त्या चेहऱ्याकडे बघून मला खात्री होती, ते हो म्हणाले असते. मग संपलंच. दुसरी वाट म्हणजे नाही आपणच म्हणायचं.

"नमस्कार," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले. "आमच्या घराचं आत्ता सांगितलं ते ऐकलं. पण घर द्यायचं नाही."

लोकांना वाटलं मी चुकून काहीतरी बोलले. थोड्या टाळ्या पडल्यासुद्धा. मग थांबल्या.

तानाजीराव हसत जवळ आले. "वहिनी, अण्णांनी शब्द दिलाय." हे सगळं माइकमधून बाहेर गेलं.

"अण्णांनी दिला असेल. मी नाही दिला. घर माझ्या नावावर आहे."

मी माइकचा दांडा धरला.

"अण्णांनी गावाला जे दिलं ते सगळं मानपत्रात आलंय," मी म्हटलं. "ते खरंच आहे. त्यातलं काही मी परत मागत नाही. पण त्यात हे घर घालू नका. माझी मुलगी तिथं राहते. नात राहते. त्यांना घेऊन मी कुठंही जाणार नाही. यात अण्णांचा काही दोष नाही, त्यांना बोल लावू नका. आड मी येतेय. काय म्हणायचं असेल ते मला म्हणा."

एवढं बोलले आणि पुढं काय करायचं ते सुचेना, म्हणून पुन्हा नमस्कार केला.

"बाई आहे का कोण ही!" समोरून एक बाई चांगली मोठ्यानं म्हणाली. मागं पोरांनी शिट्टी मारली. तानाजीरावांचा चेहरा लालभडक झाला होता. त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निवेदकाला हातानं खूण केली. घाईघाईनं आभार झाले, राष्ट्रगीत झालं. वस्तादांचं दोन शब्द बोलायचं राहूनच गेलं.

येताना आम्हाला नगराध्यक्षांच्या गाडीतून आणलं होतं. जाताना गाडीचं कोणी नाव काढलं नाही. आम्ही चालत निघालो. विजू आधीच गेली होती. वस्ताद कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आले. त्यांनी फेटा सोडून काखेत मारला होता.

"अण्णा," ते वळताना म्हणाले, "डाव बसला होता. भाभींनी सोडवला."

घरी येईपर्यंत अण्णा बोलले नाहीत. मला वाटलं, आता हे माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत. सगळ्या गावापुढं त्यांचा शब्द मी मोडला होता. पंचाहत्तर वर्षांचं नाव होतं ते.

विजूनं दार उघडलं. ती काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं." तिनं मान हलवली आणि आत जाऊन पाणी आणलं. अण्णा ओसरीवर बसले, तांब्या हातात घेऊन, पण प्याले नाहीत.

"मी गेलो असतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"क्वार्टरमध्ये. तुम्हा सगळ्यांना घेऊन. मुकाट्यानं गेलो असतो. मला नाही म्हणता आलं नसतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"आत्ता कळलं. सोफ्यावर."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. "ते शिवणयंत्र," ते म्हणाले. "मी त्या बाईला देतो म्हटलं नव्हतं. बघू म्हटलं होतं. तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं, अण्णांनी यंत्र दिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती हातगाडी घेऊनच आली. लोक जमलेले. मग काय करणार?"

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी दिलं नाही, ते माझ्याकडून गेलं, असं सांगू?"

माझ्या डोळ्यांपुढं ते अंगणात पाठमोरे उभे असलेले आले. एवढी वर्षं मला वाटायचं, दान करून तृप्त होऊन उभे आहेत. मी त्यांच्या पाठीकडे बघून आत गेले होते. समोर जाऊन तोंड बघितलं नव्हतं.

"आणि कणगी?" मी विचारलं.

"कणगी मी दिली," ते पटकन म्हणाले. "ती मीच दिली. काही काही मी दिलंय, कस्तुरा." मग पाणी प्याले.

गाव काही लगेच विसरलं नाही. मंडईत बायका मला बघून गप्प व्हायच्या. तानाजीराव वर्षभर आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. अभ्यासिका पुढं दुसरीकडे झाली, दुसऱ्या कोणाच्या नावानं. अण्णांवर कोणी राग धरला नाही. उलट त्यांची कीव करायला लागले. देवमाणूस, पण बाई अशी मिळाली. हे मी आजही ऐकते. अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, अजून नवी सून आली की तिला मला लांबून दाखवतात.

अण्णांकडे येणारी माणसं कमी झाली. त्याचं त्यांना वाईट वाटायचं. संध्याकाळी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायचे, कोणी लांबूनच नमस्कार करून गेलं की उठू लागलेले पुन्हा बसायचे. ते बघून मला वाटायचं, मी यांचं काय घालवलं? पण तोंडानं ते कधी म्हणाले नाहीत.

तरी अधूनमधून कोणी यायचंच. एकदा एक गृहस्थ आले, नव्या पतसंस्थेचे. त्यांना अण्णांचं नाव पाहिजे होतं, अध्यक्ष म्हणून. काही करायचं नाही अण्णा, नुसती सही, म्हणत होते. मी चुलीपुढं बसून सगळं ऐकत होते. अण्णांचं नेहमीचं सुरू झालं, बघू, करू. आता हे अडकले, असं मला वाटलं.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा. घरात विचारून येतो."

ते आत आले. माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्याले. तांब्या पालथा घातला. माझ्याकडे बघत तिथंच उभे राहिले.

"काय विचारायचं होतं?" मी म्हटलं.

"काही नाही," ते हळूच म्हणाले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बाहेर गेले.

"काय करणार," बाहेरून त्यांचा आवाज आला. "ती नको म्हणते."

"असू द्या अण्णा," ते गृहस्थ म्हणाले. "तुमचा काय इलाज आहे!"

चपला घालताना त्यांनी दारातून आत माझ्याकडे एक नजर टाकली. मी पदर नीट केला, त्यांच्याकडे बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.